नाही म्हणणारं दुकान

होसकोट्यात पहाटे चारला बिर्याणीसाठी रांग लागते. बेंगळुरूहून पंचवीस-तीस किलोमीटर गाडी हाकत पोरं येतात, अंधारातच गरम बिर्याणी हाणतात आणि उजाडायच्या सुमारास जुन्या मद्रास रोडने परत फिरतात. नंतर मेडिकलची शटरं वर गेली की पहिल्या गिऱ्हाइकांत गॅसची गोळी मागणारा कुणी नसेल तरच नवल. गोळी मिळतेही, स्ट्रिपमधून चार कापून, अर्ध्या मिनिटात. त्या स्ट्रिपवर ‘आरएक्स’ ही खूण असते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा बारीक अक्षरातला इशाराही असतो. गॅसवरचं पँटोप्राझोल हे शेड्यूल एच, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीतलं औषध आहे. बडीशेपेसारखं ते खाल्लं जातं ही गोष्ट वेगळी.

मेडिकलचं दुकान कसं असावं याची मोजमापं कायद्याने भरपूर दिली आहेत. जागा किमान १० चौरस मीटर हवी, फ्रिज हवा, परवाना दर्शनी भागात लावलेला हवा, खरेदी-विक्रीची बिलं जपून ठेवलेली हवीत. हे सगळं तपासता येतं, आणि ज्या दिवशी तपासायला कुणी येतं त्या दिवशी ते बहुतेक ठिकाणी जागच्या जागी असतंही. पण मला दुकानाचा दर्जा सांगणारी दुसरीच एक खूण जास्त भरवशाची वाटते: ते दुकान गिऱ्हाइकाला कधी परत पाठवतं का? पाठवत असेल तर कोण पाठवतं, आणि कशाच्या बळावर?

होसकोटे हे बेंगळुरूजवळचं तालुक्याचं गाव. मोठा तलाव, अविमुक्तेश्वराचं जुनं देऊळ, व्होल्व्होचा कारखाना, एमव्हीजे मेडिकल कॉलेज, गोदामांच्या रांगा आणि चेन्नईकडे निघालेल्या नव्या एक्स्प्रेसवेची सुरुवात असं सगळं इथे आहे. मराठी माणसाला हे नाव परकं नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी बेंगळुरू घेतल्यावर शहाजीराजांना जी जहागीर मिळाली, तिच्यात बेंगळुरू, कोलार, शिरे, दोड्डबळ्ळापूर यांच्याबरोबर होसकोटेही होतं. पुढे ऑगस्ट १७६८ मध्ये हैदर अलीने मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर रात्री छापा घातला आणि तो फसला, तोही इथेच. आजची मराठी वस्ती मात्र आयटीच्या नोकऱ्यांमागे आलेली. व्हाइटफील्ड भरलं तसे फ्लॅट होसकोट्याच्या दिशेने सरकत आले, आणि त्या फ्लॅटांत वर्षातले काही महिने सांगली, नाशिक, सोलापूर, अकोला इथले आई-बाबा मुक्कामाला असतात. नातवंडासाठी येतात, नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी. येताना तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन येतात आणि मुक्काम पाच महिन्यांचा होतो.

मग बाबा मेडिकलमध्ये जातात. हातात गावाकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी, दुसऱ्या हातात शेवटच्या दोन गोळ्या उरलेली स्ट्रिप. चिठ्ठी दुसऱ्या राज्यातली आहे म्हणून अडचण नसते. ती नोंदणीकृत डॉक्टरची असली, तारीख-सही असली, की चालते. अडचण ब्रँडची असते. सांगलीत सहज मिळणारी कंपनी इथल्या स्टॉकिस्टकडे नसते. काउंटरवरचा मुलगा स्ट्रिप उलटीसुलटी करून पाहतो आणि मोडक्या हिंदीत सांगतो, “सेम कंटेंट है अंकल, कंपनी अलग.” बाबा मान डोलावतात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. औषध नियमावलीतल्या ६५व्या नियमात स्पष्ट सांगितलं आहे की शेड्यूल एच, एच१ आणि एक्स यांतलं औषध चिठ्ठीवर असेल तर त्याच्या बदली दुसरं देता येणार नाही, घटक तोच असला तरीही. रक्तदाबाच्या गोळीत कंपनी बदलल्याने बहुतेकदा आकाश कोसळत नाही. पण थायरॉइडच्या, फिट्सच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधात फरक पडू शकतो. शिवाय नावापुढची ‘एसआर’, ‘एक्सएल’ ही अक्षरं सुटली तर चोवीस तासांत हळूहळू उतरायची मात्रा एकदम उतरते. म्हणून योग्य उत्तर असं: “अंकल, ही गोळी नाही. तुमच्या डॉक्टरांना फोन लावा, मी बोलतो.” हे बोलायला त्या गोळीची माहिती लागते आणि दोन मिनिटं लागतात. काउंटरवर या दोन्ही गोष्टींची टंचाई आहे.

भाषेची टंचाई वेगळीच. होसकोट्याच्या काउंटरवर कन्नड, तेलुगू, तमिळ, उर्दू आणि कामगारांची हिंदी अशी सगळी सरमिसळ चालते. ‘ऊट आदमेले’ म्हणजे जेवण झाल्यावर, हे अकोल्याच्या आजींना कळायचं कारण नाही, आणि ‘जेवायच्या अर्धा तास आधी’ हे दुकानदाराला मराठीत सांगता येत नाही. मग तो बोटं दाखवतो: एक सकाळी, एक रात्री. जेवणाआधी की नंतर, हे बोटांनी सांगता येत नाही. स्ट्रिपवर सगळं इंग्रजीत. हा प्रश्न होसकोट्याचाच आहे असं नाही. पुण्यात बिहारच्या मजुराला आणि मुंबईत बंगाली मोलकरणीला तो रोज पडतो.

*

फार्मसी कायदा १९४८ चा आहे. त्याच्या ४२व्या कलमानुसार नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय दुसऱ्या कुणी डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध द्यायचं नाही. जानेवारी २०१५ मध्ये फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स आली आणि त्यांनी फार्मासिस्टचं काम आणखी उलगडून सांगितलं. अंगात स्वच्छ पांढरा कोट, कोटावर नाव आणि नोंदणी क्रमांक, चिठ्ठी तपासणं, आणि रुग्णाशी बोलणं. औषध कसं घ्यायचं, काय टाळायचं, कसं ठेवायचं हे सांगणं त्याच्या कामाचाच भाग आहे.

आता आपापल्या गावातलं नेहमीचं मेडिकल डोळ्यांसमोर आणा. पांढरा कोट असतोच, खुंटीला टांगलेला. भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट असतं आणि त्यावरचा फोटो काउंटरवरच्या कुणाशीच जुळत नाही. या धंद्यात ‘भाड्याचं सर्टिफिकेट’ हा शब्द कुणी कुजबुजत उच्चारत नाही. डी.फार्म. झालेला कुणी दुसरीकडे नोकरी करतो, एखादी बाई लग्न होऊन परगावी गेलेली असते, आणि सर्टिफिकेट इथे दुकान चालवतं. दर महिन्याला ठरलेली रक्कम पोचली की झालं. काउंटर सांभाळतो दहावी-बारावी झालेला हुशार मुलगा. त्याला डब्यांच्या जागा तोंडपाठ असतात आणि चिठ्ठीवरचं डॉक्टरचं अक्षर तो कुठल्याही फार्मासिस्टपेक्षा झरझर वाचतो. मी त्याला नावं ठेवणार नाही. त्याला कुणी शिकवलंच नाही. आणि त्याच्या हातात नसलेली गोष्ट म्हणजे नाही म्हणण्याचा अधिकार. गिऱ्हाईक परत गेलं तर संध्याकाळी मालक गल्ल्याचा हिशेब विचारतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाला एकदा थेट हात घातला गेला होता. २०१२-१३ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना महेश झगडे यांनी ‘फार्मासिस्ट नाही तर विक्री नाही’ हा कायद्यातलाच नियम अंमलात आणायला घेतला. तपासण्या झाल्या, परवाने निलंबित झाले, आणि राज्यभरचे केमिस्ट बंदच्या भाषेवर आले. त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. दुकान चौदा-पंधरा तास उघडं असतं, फार्मासिस्टने जेवायला घरी जायचं नाही का? तालुक्याच्या गावात रात्री दहाला फार्मासिस्ट आणायचा कुठून? या प्रश्नांना खरं उत्तर होतं: दोन पाळ्यांना दोन फार्मासिस्ट. त्याचे पैसे कुणी द्यायचे, यावर मात्र कुणी बोललं नाही. आयुक्त बदलले, मोहीम थंडावली. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२व्या कलमाखालचा दंड १,००० रुपयांवरून २ लाखांपर्यंत वाढवला. दंड वाढल्याने फोटोतला माणूस काउंटरवर आला असेल तर मला आनंदच आहे.

पैशाची गोष्ट निघालीच आहे तर तीही पाहू. किंमत नियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के मार्जिन धरलेलं असतं. बाकीच्यांवर धंद्याच्या रिवाजाने २० टक्क्यांच्या आसपास. यातून भाडं, वीज, पगार, खराब झालेला माल आणि उधारी निघायची. आणि बाहेर बोर्ड कसला? ‘सर्व औषधांवर २० टक्के सूट.’ मोबाइलवर मागवलं तर याहून जास्त. मार्जिनएवढी सूट देणारा दुकानदार जगतो कशावर, हा प्रश्न शाळकरी गणिताचा आहे. उत्तर बहुधा त्या ‘सेम कंटेंट’मध्ये सापडतं. काही कंपन्या स्वस्त बनवलेल्या गोळीवर मोठी एमआरपी छापतात आणि दुकानदाराला ती मातीमोल भावात देतात. दहा गोळ्यांमागे ब्रँडेड कंपनी जेवढं देते त्याच्या कितीतरी पट यात सुटतं. त्या कमाईतून तुमची वीस टक्के सूट निघते आणि कंपनी बदलण्याचा आग्रहही निघतो. यात गोळी वाईटच असते असं नाही. पण ती निवडली कुणी आणि कशासाठी, हे तुम्हाला कळत नाही. आणि उरलेल्या पैशात पहिला कापला जातो तो फार्मासिस्टचा पगार. सूट मागणारे आपण सगळे या हिशेबात आहोत.

*

फ्रिज पाहायला मला फार आवडतं. दुकानाची सगळी कुंडली तिथे मांडलेली असते. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. गोठवायचं कधीच नाही, कारण गोठून वितळलेलं इन्सुलिन दिसायला ठीक वाटलं तरी कामाचं राहत नाही. म्हणून बर्फाच्या कप्प्याखाली अगदी चिकटून ठेवायचं नाही आणि दारातही नाही, दार उघडलं की पहिला उष्मा तिथे लागतो. मधल्या फळीवर, हवा खेळेल अशी जागा सोडून, शेजारी थर्मामीटर, आणि दाराला अडकवलेल्या कागदावर सकाळ-संध्याकाळच्या नोंदी. चांगल्या दुकानात हे सगळं असतं. दुसऱ्या प्रकारच्या दुकानात दाराच्या कप्प्यात इन्सुलिनची पेनं उभी असतात, मधल्या फळीवर मालकाचा डबा आणि दह्याचं पाकीट, आणि थर्मामीटर नसतोच. नोंदींचा कागद मात्र दोन्हीकडे असू शकतो. दुसऱ्या दुकानात त्यावर महिनाभर रोज नेमकं ५ अंश लिहिलेलं असतं, एकाच पेनाने, एकाच बैठकीत. लाइट गेली की काय, हा पुढचा प्रश्न. इन्व्हर्टरवर दिवे आणि बिलिंगचा कॉम्प्युटर असतो, फ्रिज नसतो. होसकोट्यात बेस्कॉमची वीज किती वेळ जाते यावर फ्रिजमधल्या मालाचं नशीब ठरतं.

होसकोट्याला एका बाबतीत निसर्गाने सांभाळून घेतलं आहे. पठारावरची हवा, उन्हाळ्यात पारा चढला तरी किती चढणार? ‘३० अंशांखाली ठेवा’ ही सूचना इथे वर्षातले बरेच महिने आपोआप पाळली जाते. हीच सूचना चंद्रपूर-नागपूरच्या दुकानाला लावून पाहा. मे महिन्यात बाहेर ४५, पत्र्याचं छत, पश्चिमेकडे तोंड. एसीशिवाय तिथलं कुठलं शेल्फ ३० अंशांखाली राहील? नियम सगळ्या देशाला एक, आणि उन्हाळे वेगवेगळे. कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या, मलम फाटलं, तर निदान दिसतं तरी. गोळीतला घटक हळूहळू कमी होत गेला तर ते दिसत नाही, नुसतं ‘औषध लागू पडत नाही’ असं म्हटलं जातं आणि डॉक्टर डोस वाढवतात.

कात्रीबद्दलही बोलायला हवं. दहाची स्ट्रिप असते, माणसाला तीन गोळ्या हव्यात, खिशात पैसेही तेवढेच. तीन कापून द्यायला हरकत नाही, गरिबाची ती सोय आहे. पण कात्री कुठून लावायची यात शहाणपण असतं. बॅच नंबर आणि एक्सपायरी स्ट्रिपच्या एका टोकाला छापलेली असते. ते टोक आधी कापून दिलं की उरलेल्या सात गोळ्या निनावी होतात, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला जे मिळतं त्याला नाव-गाव-तारीख काहीच नसतं. काळजीवाला फार्मासिस्ट ते टोक शेवटपर्यंत राखतो आणि कापलेल्या गोळ्या पाकिटात घालून पाकिटावर नाव, बॅच, तारीख लिहितो. एक्सपायरी ‘एप्रिल २०२७’ असेल तर औषध ३० एप्रिलपर्यंत चालतं, १ तारखेलाच बाद होत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. बाद झालेला माल कंपनीकडे परत जाईपर्यंत विक्रीच्या मालापासून वेगळ्या खोक्यात, वर ‘विक्रीसाठी नाही’ असं ठळक लिहून ठेवायचा, असा नियमच आहे. ते खोकं दुकानात सापडलं तर खुशाल समजा की इथे कुणीतरी नियम वाचला आहे.

पाकिटावर लिहिण्यावरून मेथोट्रेक्सेट आठवतं. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. बाकी सगळ्या गोळ्या रोज घेणारा माणूस हीसुद्धा रोज घेऊ लागला तर काही दिवसांत तोंडात फोड येतात, रक्तपेशी कोसळतात आणि जीवावर बेततं. जगभर असे मृत्यू झाले आहेत. यावरचा उपाय एका पेनाचा आहे: पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘फक्त सोमवारी’ लिहायचं, आणि आजींकडून एकदा म्हणवून घ्यायचं, “मी कधी घेणार? सोमवारी.” एका वेळी चार आठवड्यांपेक्षा जास्त गोळ्या द्यायच्या नाहीत. सांगायला दीड मिनिट लागतं.

नावांचा घोळ हा आणखी एक सापळा. मलेरियाच्या ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या दोन औषधांचं भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन, आणि दोन्ही कंपन्यांच्या नावात कॅडिला. २००१ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की औषधांच्या बाबतीत नावाच्या सारखेपणाची कसोटी इतर मालापेक्षा कडक हवी, कारण डॉक्टर आणि फार्मासिस्ट शिकलेले असले तरी चुकू शकतात आणि इथली चूक जीवघेणी ठरते. अमेरिकेत ‘लोसेक’ आणि ‘लासिक्स’ यांची गल्लत होऊ लागली तेव्हा १९९० मध्ये लोसेकचं नावच बदलावं लागलं. आपल्याकडे नवा ब्रँड काढताना अजूनही अशी नावं येत राहतात, आणि ती कानाने ऐकून देणारा पुन्हा तोच बारावी पास मुलगा. फोनवर ऑर्डर, घरपोच सेवा, मागे रहदारीचा आवाज.

*

अँटिबायोटिक्सच्या बाबतीत नाही म्हणणं सगळ्यात अवघड. तिसऱ्या-चौथ्या पिढीची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं आणि सवय लावणारी काही औषधं मिळून ४६ औषधांची शेड्यूल एच१ ही यादी १ मार्च २०१४ पासून लागू झाली. त्यांच्यासाठी वेगळं रजिस्टर: डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. हे रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. कल्पना चांगली. अंमलबजावणी अशी की तपासणीच्या आदल्या रात्री रजिस्टर भरली जातात, आणि डॉक्टर म्हणून गावातल्या एकाच एमबीबीएसचं नाव पानभर उतरतं. यंत्रमागावर किंवा गोदामात रोजंदारी करणारा माणूस ताप आल्यावर डॉक्टरची फी आणि दिवसाची मजुरी दोन्ही घालवायला तयार नसतो. त्याला अॅझिथ्रोमायसिन हवं असतं, तीन गोळ्या, आत्ता. त्याला नाही म्हणताना ‘तालुका रुग्णालयात दाखव, तिथे पैसे लागत नाहीत’ एवढं तरी सांगावं लागतं. नुसता नकार दिला तर तो शेजारच्या दुकानात जातो, आणि शेजारचं दुकान वीस पावलांवर असतं.

हे सगळं काउंटरवरचं. काही विषं मात्र काउंटरवरून दिसतच नाहीत. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून डायइथिलीन ग्लायकॉल गेलं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सडलेली साखळी उघडी केली. तेच रसायन सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये परत आलं, छिंदवाड्याच्या परासियात, ‘कोल्ड्रिफ’ सिरपच्या बाटलीतून. वीसहून अधिक मुलं गेली. मूत्रपिंडं निकामी झालेल्या मुलांना घेऊन आई-बाप नागपूरच्या रुग्णालयांत धावत होते. कांचीपुरमच्या कारखान्यातल्या एसआर-१३ या बॅचमध्ये तमिळनाडूच्या तपासनिसांना ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं. मर्यादा ०.१ टक्क्याची. असं सिरप कुठल्याही फार्मासिस्टला हातात घेऊन ओळखता आलं नसतं.

पण इथेही थोडं थांबून पाहावं. कोल्ड्रिफमध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन यांची जोडी होती, आणि ही जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच काढला होता. गेलेल्या मुलांतली बरीचशी पाच वर्षांच्या आतली होती. चिठ्ठी हातात घेऊन “बाळ केवढं आहे?” एवढा प्रश्न विचारणारा कुणी काउंटरमागे असता, आणि डॉक्टरला उलट फोन करायची त्याची छाती असती, तर विष न ओळखताही काही बाटल्या शेल्फवरच राहिल्या असत्या.

नकली औषधांचं तसंच. नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयात सापडलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांमध्ये औषधच नव्हतं. २०२४ मध्ये त्या प्रकरणाचा तपास पुढे गेला तेव्हा टाल्कम पावडर आणि स्टार्चचा माल सरकारी रुग्णालयांना पुरवल्याचं बाहेर आलं. डिसेंबर २०२४ मध्ये अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातल्या नकली अॅझिथ्रोमायसिनची बातमी आली. त्याच सुमारास कर्नाटकात बळ्ळारीच्या बाळंतिणींच्या मृत्यूंनंतर सलाइनच्या दर्जाचा प्रश्न पेटला. दुकानदार यात करू शकतो ते इतकंच: ओळखीच्या स्टॉकिस्टकडून पक्क्या बिलानेच माल घ्यायचा, संशयास्पद स्वस्त खोक्याला नाही म्हणायचं, आणि केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला निकृष्ट बॅचची यादी काढते ती उघडून पाहायची. ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो मोबाइलने तपासणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. दुकानदारही क्वचितच.

तपासणार कोण, हा प्रश्न उरतो. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ मध्येच हिशेब मांडला होता: दर ५० कारखान्यांमागे एक आणि दर २०० दुकानांमागे एक औषध निरीक्षक. हे प्रमाण आजही बहुतेक राज्यांना गाठता आलेलं नाही. २०१७ मध्ये तर परवान्याचं पंचवार्षिक नूतनीकरणही गेलं. आता दर पाच वर्षांनी फी भरली की परवाना चालू राहतो. निदान नूतनीकरणाच्या निमित्ताने निरीक्षक दुकानाचा उंबरठा ओलांडायचे.

नाही म्हणण्याचा एक बिघडलेला प्रकारही महाराष्ट्राने पाहिला, तो सांगितला नाही तर चित्र खोटं होईल. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातलं परळीचं बेकायदा गर्भपाताचं प्रकरण गाजल्यावर गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर कडक नजर सुरू झाली. परिणाम असा की पुष्कळ मेडिकलवाल्यांनी त्या गोळ्या ठेवणंच सोडलं. डॉक्टरची रीतसर चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईलाही ‘आमच्याकडे नसतात’ असं उत्तर मिळू लागलं. हा नकार भीतीतून आला होता, औषधाच्या ज्ञानातून नाही. आणि असा नकार मिळालेली बाई सुरक्षित जागी जाईलच याची हमी नाही.

ज्ञानातून आलेला नकार कसा दिसतो हेही पाहायला मिळतं. पणजीच्या हिंदू फार्मसीचे राज वैद्य यांच्यासारख्यांनी समुपदेशन हाच दुकानाचा गाभा मानला. मुंबईत इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या मंजिरी घरत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केमिस्टांना टीबीच्या उपचारात सामील करून घेतलं. दोन-तीन आठवडे खोकणारा माणूस सिरप मागायला आला की त्याला सिरप न देता थुंकी तपासायला पाठवायचं, आणि नंतर गोळ्या आपल्या डोळ्यांदेखत द्यायच्या. गल्ल्याच्या दृष्टीने हा तोट्याचा व्यवहार. तरी अनेकांनी तो आनंदाने केला, कारण मोहल्ल्यात लोक त्यांना विचारू लागले, मानू लागले. कर्नाटकाकडे या बाबतीत चांगली शिदोरी आहे. म्हैसूरच्या जेएसएस कॉलेजने नव्वदच्या दशकात फार्मसी प्रॅक्टिसचं शिक्षण सुरू केलं, आणि राज्याच्या फार्मसी कौन्सिलचं बेंगळुरूत औषध माहिती केंद्र आहे. दोन औषधं एकत्र चालतील का, गरोदर बाईला ही गोळी देऊ का, असं काउंटरवर अडलं तर तिथे विचारता येतं. २००८ पासून देशात फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यातून निघालेली मुलं मोठ्या रुग्णालयांत जातात, कंपन्यांत जातात, परदेशी जातात. होसकोट्याच्या दहा चौरस मीटरच्या दुकानात ती येत नाहीत, आणि पगार ऐकला तर कुणी येणारही नाही.

तेव्हा मुलाकडे मुक्कामाला निघालेल्या आई-बाबांनी चिठ्ठीची मूळ प्रत आणि प्रत्येक गोळीची बॅच-तारखेसकट एक रिकामी स्ट्रिप बरोबर ठेवावी, आणि चिठ्ठीवर डॉक्टरांकडून घटकाचं नाव मोठ्या अक्षरात लिहून घ्यावं. परक्या गावात ब्रँड चालत नाही, घटक चालतो. बिल मागावं, सूट सोडावी लागली तरी. बिलावर बॅच नंबर असतो, आणि उद्या एखादी बॅच परत मागवली तर ती तुमच्या कपाटात आहे का हे फक्त त्या कागदावरून कळतं. ‘फार्मासिस्ट कोण आहे?’ असं विचारायला लाजू नये. आणि औषधाने अंगावर पुरळ आलं, चक्कर आली, काही भलतंच झालं, तर १८००-१८०-३०२४ हा देशाच्या औषध-दुष्परिणाम नोंदणीचा मोफत क्रमांक आहे. ती नोंद गाझियाबादच्या केंद्रात जाते. रुग्णाने स्वतः भरायचा वेगळा अर्जही आहे, डॉक्टरची सही न लागणारा, आणि तो मराठीत आणि कन्नडमध्येही मिळतो.